बेड्याचा आवाज

वैशाखातल्या एका पहाटे गुहागरहून आईचा फोन आला. "रात्री बेडं वाजलं रे," एवढेच ती म्हणाली. आमच्या आगराच्या गडग्यात वाटेपुरती जागा सोडून चिऱ्याचे दोन खांब उभे केले आहेत आणि त्यांच्या भोकांतून तीन बांबू आडवे सारलेले असतात. तेच आमचे बेडे. वरचा बांबू कोणी सरकवला की तो चिऱ्यावर घासून खरखरतो आणि टोक जमिनीला टेकताना एकदाच ठक्क असा वाजतो. गुरांनी अंग घासले तर बांबू नुसते खडखडतात, वाऱ्याने तर तेवढेही होत नाही. आईने त्या घरात पन्नास वर्षे काढली आहेत. खडखडणे आणि सरकणे यांतला फरक तिला समजावून सांगण्याची गरज नव्हती. मी पुण्यात अंथरुणात उठून बसलो आणि फोनवर कॅमेऱ्याचे अ‍ॅप उघडले, कारण नेमक्या अशाच एखाद्या रात्रीसाठी मागच्या दिवाळीत मी ओटीच्या वाशाला वायफायवर चालणारा लहानसा पांढरा कॅमेरा लावून आलो होतो.

२ वाजून १७ मिनिटांची नोंद तिथे होती. टपालाच्या तिकिटाएवढे एक चित्र होते: राखाडी अंगण, तुळशीवृंदावनाची कड आणि बेड्याच्या बाजूला उभट, फिकट असे काहीतरी. त्यावर बोट टेकवले तर पाटी आली, की पूर्ण व्हिडिओ पाहण्यासाठी मासिक योजना घ्यावी. सहा महिन्यांची मोफत मुदत चारच दिवसांपूर्वी संपली होती. मी लगेच पैसे भरले. भरल्यानंतर कळले की योजना त्या क्षणापासून पुढे लागू होते आणि मधल्या चार दिवसांतले व्हिडिओ मुळात साठवलेच गेलेले नाहीत. कॅमेऱ्याने पाहिले होते, त्याने मला चित्रही पाठवले होते, पण पाहिलेले जपून मात्र ठेवले नव्हते. आईला काय सांगावे हे सुचेना. "नीट दिसत नाहीये गं," असे म्हणालो. ती म्हणाली, "राहू दे. उजाडलं आता."

त्या रात्री बेड्याशी कोण आले होते हे मला आजतागायत कळलेले नाही.

मागितलेली रक्कम मोठी नव्हती, आणि दूरच्या संगणकांवर चित्रे साठवायला खर्च येतो हेही मला समजते. तरीही कितीतरी दिवस ती गोष्ट मनातून जाईना. अंगण आमचे, वीज आमची, भिंत आमची, आणि त्या अंगणात रात्री काय घडले याची आठवण मात्र कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या मर्जीवर राहावी, हे मला सलत होते. माझी आजी रात्रीचा वृत्तांत सकाळी चहाच्या वेळी सांगत असे. माडाची झाप सुटली की आधी सर्र आणि मग लांबट धप्प, नारळ पडला तर नुसताच धप्प, आणि विहिरीजवळच्या चिखलात पडला तर अगदी बोदा आवाज. त्यावरून कोणत्या माडाखाली नारळ शोधायचा हे ती ओटीवर बसल्या बसल्या सांगायची आणि आम्ही पोरे धावत जाऊन तो घेऊन यायचो. घराला घराची स्मरणशक्ती होती आणि ती घरातच राहायची. शेजारच्या दोन्ही घरांत माणसे होती, कुत्री होती, आजोबांच्या उशाशी तीन सेलांची बॅटरी होती. आज त्या दोन्ही घरांना कुलपे आहेत आणि गणपतीत व मे महिन्यात तेवढी ती उघडतात. कॅमेरा मी हौसेने लावला नव्हता. जिथे पूर्वी माणसे होती तिथे तो लावला होता, म्हणून त्याच्याकडून माझी अपेक्षाही शेजाऱ्याकडून असावी तशीच होती.

पुढच्या खेपेला गुहागरला गेलो तेव्हा जुना लॅपटॉप बरोबर नेला. तोच कॅमेरा चालू ठेवून त्याचे चित्रण घरातल्याच संगणकावर साठवता येईल, असा माझा समज होता. कॅमेऱ्याकडून चित्राचा प्रवाह मागून घेण्याची एक जुनी, सर्वमान्य पद्धत आहे. तिला आरटीएसपी म्हणतात आणि तिचे मानक १९९८ सालचे आहे. कॅमेऱ्याचा घरातल्या जाळ्यावरचा पत्ता, ५५४ हा पोर्ट, म्हणजे आत शिरायच्या दाराचा क्रमांक, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड एवढे दिले की ज्याला ही भाषा येते तो कॅमेरा कोणत्याही संगणकाला चित्र देऊ लागतो. मी दुपारभर ओटीवर बसून प्रयत्न केला. आमच्या कॅमेऱ्याचे ते दारच नव्हते. तो फक्त आपल्या कंपनीच्या संगणकाशी बोलत होता. माझ्या हातातल्या फोनवर दिसणारे चित्रसुद्धा, मी त्याच्यापासून सहा फुटांवर बसलेलो असताना, आधी त्या कंपनीकडे जाऊन मग माझ्याकडे येत होते. आई आमसुलांच्या परातीशेजारी बसून हे सगळे पाहत होती. तिने विचारले, "मग आपलं अंगण अजून कोण कोण बघतं?" मला उत्तर देता आले नाही.

कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा हे मला त्या दुपारी कळले. किती मेगापिक्सेल, रात्री रंगीत दिसते का, मान वळवतो का, हे सगळे नंतरचे. आधी विचारायचे की हा कॅमेरा परक्या रेकॉर्डरशी बोलतो का. यासाठी अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी २००८ साली ऑनव्हिफ नावाची संस्था काढली आणि एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला ओळखता यावा म्हणून समान नियम ठरवले. त्यांतही पोटभेद आहेत: साध्या चित्रप्रवाहासाठी प्रोफाइल एस, एच.२६५ हे चित्र दाबून लहान करण्याचे तंत्र आणि हालचालीच्या सूचना यांसाठी प्रोफाइल टी, कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये साठवलेले चित्रण शोधून काढण्यासाठी प्रोफाइल जी. खोक्यावर ऑनव्हिफ छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये, कारण प्रमाणित मॉडेलांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर असते आणि खोक्यावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर तिथे सापडला पाहिजे. शिवाय ही सोय असली तरी पुष्कळदा ती बंद करून ठेवलेली असते. टीपी-लिंकच्या टापो मालिकेत विजेवर चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांना आरटीएसपी आणि ऑनव्हिफ दोन्ही येते, पण अ‍ॅपमध्ये जाऊन कॅमेऱ्याचे वेगळे खाते उघडल्यावरच; हिकव्हिजनमध्ये सेटिंगच्या पोटात शिरून ऑनव्हिफ चालू करावे लागते आणि त्यासाठी निराळा वापरकर्ता नेमावा लागतो. बॅटरीवर चालणारे बहुतेक कॅमेरे मात्र या वाटेला जातच नाहीत, कारण एरवी झोपून राहायचे आणि हालचाल झाली की तेवढ्यापुरते जागे व्हायचे ही त्यांची रीत. अखंड प्रवाह दिला तर त्यांची बॅटरी पुरणार नाही.

चिपळूणच्या दुकानात मी हा प्रश्न विचारला तेव्हा दुकानदाराने मला शांतपणे खुर्ची दिली आणि वेगळाच सल्ला दिला. "दादा, चार चॅनेलचा डीव्हीआर घ्या, चार बुलेट कॅमेरे घ्या, एक हार्ड डिस्क टाका. महिन्याला कोणाला काही द्यायला नको." डीव्हीआर म्हणजे केबलने आलेले चित्रण आपल्याच डिस्कवर साठवणारा डबा. दुकानदाराचे म्हणणे खरे होते आणि ते मी इथे मुद्दाम नोंदवतो. कॅमेऱ्याला भाडे भरण्याची कल्पना नवी आहे. आपल्याकडची किराणा दुकाने, पतसंस्था, सोसायट्यांचे जिने कितीतरी वर्षे डीव्हीआरवर चालत आले आहेत आणि त्यांतल्या कोणीही आपलेच चित्रण पाहण्यासाठी दरमहा पैसे मोजलेले नाहीत. पण तिथेही जुळवाजुळवीचा प्रश्न आहेच. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या त्या काळ्या केबलमधून आणि त्याच बीएनसी जोडणीतून टीव्हीआय, सीव्हीआय आणि एएचडी असे वेगवेगळे संकेत येतात. डीव्हीआर एका जातीचा आणि कॅमेरा दुसऱ्या जातीचा असला की पडदा काळा राहतो आणि माणूस केबलला दोष देत बसतो. या सगळ्या जाती ओळखणारा डीव्हीआर मिळतो, आणि ज्याच्या घरात जुन्या केबल आधीच टाकलेल्या आहेत त्याने तोच घ्यावा असे माझे मत आहे. आमच्या घरात एकही केबल नव्हती. म्हणून मी नेटवर्क केबलवर चालणारे आयपी कॅमेरे निवडले, ज्यांना पीओई स्विचकडून, म्हणजे सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या डब्याकडून, त्याच केबलमधून वीजही मिळते. मूळ मानकाप्रमाणे स्विचचा एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देतो आणि असा साधा कॅमेरा रात्रीचे दिवे धरूनही त्याच्या निम्म्याच्या आसपास खातो. केबल १०० मीटरपर्यंत चालते. आमचे आगर विहिरीपर्यंत मोजले तर साठ भरते.

कागदावर हे सोपे वाटते, पण समुद्रकाठी त्यात आणखी दोन वैरी असतात. एक म्हणजे खारी हवा. माझ्या मामेभावाकडे मी एक जोड उघडून पाहिला होता: प्लगमधल्या तांब्याच्या पट्ट्यांवर मोरचुदासारखा हिरवा थर चढला होता आणि नखाने खरवडल्यावर तो पिठासारखा सुटला. कॅमेऱ्यावर आयपी६७, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरत नसल्याची खूण, लिहिलेली असते ती कॅमेऱ्याच्या पोटासाठी. त्याच्या मागून लोंबणारी शेपटी आणि तिचे टोक डब्यात घालून, रबरी ग्लँड आवळून बंद करावे लागते. दुसरा वैरी वीज. रोहिणीतल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा ज्याने तिकडे ऐकल्या आहेत तो तांब्याची साठ मीटर तार उघड्यावरून नेऊन घरातल्या यंत्राला तशीच जोडणार नाही. आमच्या वायरमनने केबल चिऱ्याच्या कडेने पाइपातून नेली, घरात शिरण्याआधी विजेचा झटका जमिनीत उतरवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवला आणि त्याचे अर्थिंग नव्याने केले. काम झाल्यावर त्याने खड्ड्याच्या तोंडावर पालथा नारळाचा करवंट ठेवला आणि म्हणाला, "काकू, उन्हाळ्यात यात तांब्याभर पाणी घालत जा." आई ते आजही नेमाने करते, तुळशीला घातल्यावर लगेच.

कोणता कॅमेरा कुठे लावायचा यात माझे सर्वाधिक दिवस गेले. मला बेड्याशी आलेल्या माणसाचा चेहरा हवा होता. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्यासाठी एक हिशेब दिलेला आहे: अनोळखी माणूस ओळखता यायचा असेल तर चित्रात त्याच्या जागी दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल पडले पाहिजेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात आणि कोणीतरी आहे एवढेच कळायला २५. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र सहसा २५६० पिक्सेल रुंद असते, म्हणजे तो जास्तीत जास्त सव्वादहा मीटर रुंदीचा देखावा घेत असेल तोवरच चेहरा हाती लागेल. ओटीवरून बेडे चौदा मीटरवर आहे. दुकानात सहसा मिळणारी २.८ मिलिमीटरची भिंग तिथून पाहू लागली तर अख्खे अंगण, निम्मे आगर आणि आभाळाचा तुकडा असा तीसेक मीटरचा पसारा कवेत घेते. माणूस दिसतो, पण तो कोण ते कळत नाही. दिवाळीतल्या त्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ मिळाला असता तरी तो उभट फिकट आकार तसाच राहिला असता, हे हा हिशेब मांडताना माझ्या लक्षात आले आणि मी कागद थोडा वेळ बाजूला ठेवला. मग गोठ्याच्या भिंतीवर, बेड्यापासून दहा मीटरवर, ६ मिलिमीटरच्या भिंगाचा कॅमेरा खास वाटेकडे तोंड करून लावला. २.८ चा एक ओटीच्या कोपऱ्यावर अंगणासाठी, एक विहिरीकडे, एक मागच्या दारी.

रेकॉर्डर म्हणून आयपी कॅमेऱ्यांसाठी मिळणारा तयार एनव्हीआर न घेता मी वापरलेला एक छोटा संगणक घेतला आणि त्यावर फ्रिगेट ही मुक्त प्रणाली चढवली. ती प्रत्येक कॅमेऱ्याकडून दोन प्रवाह घेते: लहान प्रवाहात माणूस, गाय, कुत्रा ओळखते आणि मोठा प्रवाह डिस्कवर लिहिते. म्हणून कॅमेरा घेताना त्याला दुसरा प्रवाह आहे का आणि त्याचे मोजमाप बदलता येते का, हेही पाहावे. कंपन्यांचे 'स्मार्ट' किंवा 'प्लस' नाव लावलेले खास दाबतंत्र बंद करावे, कारण परक्या प्रणालीला ते नीट वाचता येत नाही; साधे एच.२६४ जास्त जागा खाते, पण कुठेही चालते. सेकंदाला २ मेगाबिटच्या प्रवाहाने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी लिहितो, चार मिळून ८६ च्या वर जातात, आणि २ टीबीच्या डिस्कवर साधारण तेवीस दिवस मावतात. तेविसाव्या दिवसानंतर जुना दिवस पुसला जातो. कोणता दिवस कधी पुसायचा हे आता घरात ठरते.

या सगळ्याचा खरा उपयोग पावसाळ्यात दिसला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागले तेव्हा आमच्याकडे वीज आणि फोन दोन्ही काही दिवस बंद होते आणि आई सुखरूप आहे हे मला शेजारच्या वाडीतल्या माणसाकडून कळले होते. तेवढे मोठे संकट नसले तरी दर पावसाळ्यात कुठेतरी झाड पडते आणि इंटरनेट जाते. 'ढगात', म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकावर, साठवणारा कॅमेरा अशा वेळी आंधळा होतो. आमचे चार मात्र इन्व्हर्टर आहे तोवर माळ्यावरच्या त्या छोट्या संगणकात लिहीत राहतात आणि जोडणी परत आली की मधल्या रात्री जशाच्या तशा हाती येतात. पावसाने काही नवे धडेही दिले. कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांचा उजेड डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण कॅमेऱ्याला त्या उजेडात पावसाचा प्रत्येक थेंब पांढऱ्या दोरीसारखा दिसतो, आणि कोळी नेमके त्या दिव्यांपाशीच जाळे विणतात. आई आठवड्यातून एकदा लांब काठीच्या केरसुणीने ते काढते. नुसत्या हालचालीवर सूचना देणारी पद्धत अशा रात्री शेकडो खोट्या हाका मारते. माणूस ओळखणारी प्रणाली बहुतेक वेळा गप्प राहते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आणखी एक काम उरले होते. २०१६ साली मिराई नावाच्या घुसखोर प्रणालीने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि त्यासाठी तिला कारखान्यातून आलेले, कोणी न बदललेले पासवर्ड पुरले होते. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत, आणि ते चांगलेच झाले. तरीही मी राउटरवर चारही कॅमेऱ्यांचा बाहेरचा रस्ता बंद केला. ते घरातल्या संगणकाशी बोलतात आणि आणखी कोणाशीच नाही. पुण्याहून मी वायरगार्ड नावाच्या प्रणालीच्या, इतरांना बंद असलेल्या वाटेने त्या संगणकापर्यंत जातो. बाहेरचा रस्ता बंद झाल्यामुळे कॅमेऱ्यांची घड्याळे चुकू लागली, म्हणून वेळ सांगण्याचे कामही त्याच संगणकाला दिले. ज्या नोंदीची वेळ खरी नाही तिचा उपयोग काय? हे सगळे पूर्ण झाल्यावर मी आईला फोन करून सांगितले की आता आपले अंगण तू आणि मी, दोघेच बघतो. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "बरं झालं." घराच्या आत एकही कॅमेरा नको ही तिची अट पहिल्या दिवसापासून होती आणि ती मी तंतोतंत पाळली होती.

तशी पाळली आहे असे मला वाटत होते.

ओटीच्या कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याची भिंग रुंद आहे, त्यामुळे अंगणाबरोबर चित्राच्या उजव्या कडेला झोपाळ्याचा अर्धा भाग येतो. श्रावणातल्या एका रविवारी मी त्या आठवड्यातल्या माणसांच्या नोंदी चाळत होतो. दूधवाला, पोस्टमन, पोफळी शिंपायला येणारा गडी, आणि मग रात्री ३ वाजून ५ मिनिटांनी पुन्हा एक माणूस. मी घाईने ती नोंद उघडली. आई होती. दार लोटून ती बाहेर आली, पदर डोक्यावरून घेतला, झोपाळ्यावर बसली आणि पायाच्या अंगठ्याने हलकासा झोका दिला. पाऊस पडत होता. ती बेड्याकडे बघत नव्हती, कशाकडेच बघत नव्हती. चाळीस मिनिटांनी उठून आत गेली. आदल्या रात्रीही तशीच नोंद होती, त्याच्या आदल्याही. बाबा गेल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती, आणि रोजच्या फोनवर झोप लागते का असे विचारले की ती "लागते की" म्हणायची. मी ते चित्रण पुढे पाहिले नाही. तिच्या एकटेपणाची वेळ आणि मिनिटे माझ्या हातात होती, तिने ती मला दिलेली नव्हती, आणि तरी तिला पाहून जो जीव कासावीस झाला होता तोही माझाच होता. फोन करावा असे वाटले. काय विचारणार, हे ठरेना.

या कॅमेऱ्यांमध्ये चित्राचा एखादा भाग झाकण्याची सोय असते. ती कॅमेऱ्यातच लागते, म्हणून झाकलेला भाग डिस्कवरही जात नाही आणि मागाहून उघडता येत नाही. मी त्या रविवारी संध्याकाळी उजव्या कडेला माउसने चार कोपरे ओढून झोपाळ्याची फळी, तिच्यावरची चटई आणि टेकायची जागा काळी केली आणि आधीच्या नोंदी पुसून टाकल्या. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आईला पडद्यावर तो काळा चौकोन दाखवला आणि तिथे काय आहे ते सांगितले. ती चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली, मग चौकोनाच्या वरच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "हे राहिलं की रे." चौकोन थोडा बुटका पडला होता. त्याच्यावर झोपाळ्याच्या पितळी कड्यांचा वीतभर भाग उघडा होता, आणि नुकतीच ती उठून आत आलेली असल्यामुळे त्या कड्या अजून हलत होत्या. वर वाढवू का, असे मी विचारले. "नको," ती म्हणाली, "एवढं असू दे."